बापाचा धंदा, राहणार कुठे

पावसाळ्याच्या तोंडावर सोलापुरातल्या आमच्या मेथडिस्ट चर्चच्या पोर्चमध्ये एक संगमरवरी पाटी बसवली. छताची दुरुस्ती झाली, भिंतींना रंग लागला, आणि उरलेल्या पैशांत काहीतरी कायमची आठवण राहील असं करावं, असं चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीत ठरलं. पाटीवर आजवरच्या सगळ्या पाळकांची नावं, प्रत्येकासमोर साल, अक्षरांत सोनेरी रंग. कोरणारा माणूस डोक्याला टॉवेल गुंडाळून पायरीवर पाटी आडवी ठेवून काम करत होता. दगडाची पांढरी भुकटी त्याच्या भुवयांवर बसली होती. शेवटचं नाव झालं तेव्हा खाली वीतभर जागा उरली. त्याने मान वर करून विचारलं, "इथं काय टाकू?" आम्ही काही जण तिथेच उभे होतो. कुणीतरी म्हणालं, बायबलमधलं वचन टाका. वचन आधीच वर घातलेलं होतं. मग खजिनदार म्हणाले, "वेल काढा एखादी, बरी दिसेल." संध्याकाळपर्यंत वेल निघाली, द्राक्षांची, दोन घोसांसकट. काम सुबक झालंय, यात वाद नाही. पण त्या वीतभर जागेत घालायला आमच्या मंडळीकडे एकही नाव निघालं नाही, ही गोष्ट मला काही केल्या पटेना. रात्री भाकऱ्या थापताना, सकाळी पाणी भरताना ती वेल डोळ्यांसमोर येत राहिली.

मेथडिस्ट घरात वाढलेल्या माणसाला पाळकांची बदली नवी नसते. कॉन्फरन्स म्हणजे पंथाची मोठी सभा भरते, बिशप नेमणुका वाचून दाखवतात, आणि गावोगावच्या पॅरसनेजमध्ये, म्हणजे पाळकांच्या घरांत, ट्रंका बांधायला लागतात. हा पंथ इंग्लंडात ज्याने सुरू केला त्या जॉन वेस्लीच्या काळापासूनचीच ही रीत. उपदेशकाने एका गावात फार रुजू नये, घोड्यावर टाच मारून पुढच्या गावाला निघावं. घोडे गेले, एसटी आली, टेम्पो आले, रीत तीच राहिली. लहानपणी पाळकसाहेबांचं सामान टेम्पोत चढताना आम्ही मुलं फाटकाशी रांगेने उभी असायचो, आणि पाळकीणबाई प्रत्येकाच्या हातावर घरात उरलेलं काहीबाही ठेवायच्या. एका बाईंनी मला शाईची अर्धी बाटली दिली होती. आलेल्या प्रत्येक पाळकाने इथे घाम गाळलाय. आजारी माणसाच्या उशाशी रात्र काढलेले पाळक मी पाहिलेत. त्यांची नावं कोरली हे योग्यच झालं. तरी ती यादी येऊन गेलेल्यांची आहे. जे आलेच नाहीत, गेलेच नाहीत, इथेच होते, त्यांचं काय?

हा प्रश्न घेऊन मी पाळकसाहेबांकडे गेले आणि बाप्तिस्म्याची जुनी रजिस्टरं बघायला मागितली. त्यांनी काही न विचारता लोखंडी कपाटाची किल्ली हातात दिली.

सगळ्यात जुनं रजिस्टर लांबट आहे, मांडीवर मावत नाही. पुठ्ठ्याला खाकी कापड, कोपऱ्यांना कातडं, आणि ते कातडं आता बोट लावलं की तपकिरी भुगा होऊन हाताला लागतं. आतल्या पानांना डांबरगोळ्यांचा आणि ओल्या चुन्याचा मिळून एक वास आहे. छापील रकाने इंग्रजीत, भरलेला मजकूर कधी इंग्रजीत, कधी मराठीत, एका पाळकाच्या वेळचा थोडा कानडीतही. जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख, मुलाचं नाव, आईबापांची नावं, राहणार कुठे, बापाचा धंदा, बाप्तिस्मा कुणी दिला. शेवटच्या रकान्यातली नावं पाटीवर गेली. मी धंद्याच्या रकान्यावर बोट ठेवून खाली खाली येत राहिले. गँगमन. पॉइंट्समन. खलाशी. बटलर. मिल हँड. मिल हँड. मिल हँड. एका जागी नुसतं 'डिट्टो'चं चिन्ह, तेही पानाच्या तळापर्यंत. मग कुणा नेटक्या पाळकाच्या काळात तपशील येतो: साचेवाला, जॉबर, सायझिंग खातं, बॉयलरवर फायरमन. मध्येच एक शिक्षक, एक कंपाउंडर. पुढे पुढे नगरपालिकेत झाडूवाला, दवाखान्यात वॉर्डबॉय. आईच्या नावासमोर धंद्याचा रकाना छापलेलाच नव्हता. माझी आजी वाइंडिंग खात्यात कांड्या भरायची, तिच्या बोटांच्या पेरांवर सुताने कापल्याच्या बारीक रेघा मरेपर्यंत होत्या. रजिस्टरात ती फक्त कुणाची तरी आई आहे.

त्या पानांवर आमच्या मंडळीचा इतिहास तयार मांडून ठेवलेला होता. आम्ही तो चर्चच्या कपाटात कुलूपबंद करून ठेवला आणि पाटीवर वेल काढली.

धंद्यांचा क्रमही बघण्यासारखा आहे. आधी रेल्वे, मग गिरणी. सोलापुरात ख्रिस्ती शाळा आणि दवाखान्यांचं नाव निघालं की लोकांना अमेरिकन मराठी मिशन आठवतं, आणि ते बरोबरच आहे. १८६०च्या दशकापासून हे त्यांचं ठाणं. मेथडिस्ट पंथ देशाच्या या भागात आला तो वेगळ्या वाटेने. विल्यम टेलर नावाचा एक भटका उपदेशक, कॅलिफोर्निया, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका फिरून १८७० साली हिंदुस्थानात उतरला आणि पुढच्या वर्षाच्या अखेरीस मुंबईत आला. त्याचा एकच हट्ट होता: परदेशी सोसायटीच्या पैशावर मंडळी पोसायची नाही, जी मंडळी उभी राहील ती आपल्या कमाईवर. मुंबईत जॉर्ज बोवेन त्याला येऊन मिळाला. हा १८४८ पासून मुंबईत होता, मिशनचा पगार सोडून गरिबांच्या वस्तीत फकिरासारखा राहिलेला. या दोघांभोवती जी माणसं जमली त्यांत रेल्वेची पुष्कळ होती. ड्रायव्हर, गार्ड, फिटर. सोलापुरात गाडी १८६० मध्येच आलेली, आणि १८७१ साली रायचूरला तिला मद्रासकडची लाइन मिळाली. रेल्वेची माणसं बदलून जिकडे जात तिकडे प्रार्थनेची बैठक त्यांच्यासोबत जाई. स्टेशनाजवळच्या कुठल्याशा क्वार्टरमध्ये रविवारी संध्याकाळी कंदील लावून बसलेली माणसं, बाहेर शंटिंगचा आवाज, हे चित्र मला फार खरं वाटतं. आजही आमच्याकडे प्रवचनाच्या मधोमध मालगाडीची शिट्टी आली की बोलणारा माणूस आपसूक थांबतो आणि शिट्टी संपल्यावर त्याच शब्दापासून पुढे बोलतो.

याच लाइनीवर केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन, निराधार बायका-मुलींचा आसरा. पुण्याला जाताना आई न चुकता खिडकीतून बोट दाखवायची. तिथे रमाबाईंच्या हाताखाली मिनी एब्रम्स होती, १८८७ साली मुंबईत आलेली मेथडिस्ट डिकनेस म्हणजे चर्चची सेविका, १८९८ पासून ती केडगावात राहिली. दुष्काळात मरायला टेकलेल्या पोरी रमाबाईंनी उचलून आणल्या, त्यांना अक्षर शिकवलं, आणि त्यांतल्या कितीतरी पुढे बायबलबाई म्हणून खेड्यापाड्यांत हिंडल्या. १९०५ मध्ये मुक्तीत झालेल्या संजीवनाची, म्हणजे प्रार्थनेतून उसळलेल्या धार्मिक जागृतीची, गोष्ट आमच्या आज्या तोंडाने सांगायच्या, कुणी कुणाकडून ऐकलेली, त्यात थोडी भर पडत गेलेली. बायबलबाईला पगार थोडका, पायात चप्पल असली तर असली, काखेत पिशवी, पिशवीत शुभवर्तमानाच्या पुस्तिका आणि सुई-दोरा. घराच्या उंबऱ्याच्या आत पाळकाला जाता यायचं नाही तिथे ती जायची. बाळंतिणीजवळ बसायची. या बायकांनी ज्यांना अक्षरं शिकवली त्यांच्या सह्या आमच्या लग्नांच्या रजिस्टरात आहेत. त्याआधीच्या पानांवर सगळीकडे निळे अंगठे.

माझी आजी हुमनाबादकडची. तिकडे बीदर, गुलबर्गा भागात मेथडिस्टांचं काम मोठं, वाडेच्या वाडे ख्रिस्ती झालेले, बहुतेक सगळे शिवेबाहेरचे. तेव्हा तो मुलूख निजामाचा. आजोबांच्या भावकीतलं कुणी आधी सोलापूरच्या गिरणीत लागलं होतं, त्यांच्या चिठ्ठीवर ही दोघं आली. गिरण्यांचा तो काळ होता. १८७०च्या दशकात उभी राहिलेली जुनी मिल, मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम. पूर्व भागात हातमागावर तेलुगू माणसं, गिरणीत मराठी, कानडी, उर्दू सगळ्यांची सरमिसळ. आमच्या मंडळीतही तेच. आजी उपासनेत मराठी गाणी गायची, झांज तिच्या हाती असायची, पण डोळे मिटून प्रार्थना सुरू झाली की ती कानडीत उतरायची. आधी हळू, मग मोठ्याने. शेजारी बसलेल्या उस्मानाबादकडच्या बायका मराठीत 'आमेन' म्हणायच्या. तिचं कानडी त्यांना किती कळायचं कोण जाणे. नाताळात आमच्याकडे करंज्या-चकल्यांबरोबर गव्हाची हुग्गी, म्हणजे गोड खीर, व्हायची, आणि शेंगांच्या चटणीशिवाय पान पुरं व्हायचं नाही. जानेवारीत प्रार्थना सप्ताह संपतो न संपतो तोच सिद्धेश्वरचा गड्डा, म्हणजे गावची मोठी जत्रा, भरायची. नंदीध्वजांच्या मिरवणुकीला आजी आम्हाला घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहायची. एका नव्या पाळकाने तिला यावरून टोकलं होतं. तिने शांतपणे सांगितलं, "साहेब, काठी धरणारा पोरगा माझ्याच खात्यात आहे."

आता जिच्याबद्दल सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही ती बाई.

तिला सगळे क्लासची आजी म्हणायचे. आमच्याकडे मंडळीचे लहान लहान गट असायचे, दहा-बारा घरांचा एक क्लास आणि त्याचा एक पुढारी. बाकीचे पुढारी पुरुष, ही एकटी बाई, विधवा, लिहिता-वाचता न येणारी. तिच्या क्लासची घरं गिरणीच्या चाळीत. पगाराच्या दिवशी दुपारच्या पाळीचा भोंगा व्हायच्या आधी ती गेटसमोर जाऊन उभी राहायची. हिरवं लुगडं, पदर डोक्यावरून घट्ट, कमरेला कापडी पिशवी. भोंगा व्हायचा. सोलापुरात ज्याने तो भोंगा ऐकलाय त्याला त्याचं वर्णन नको. मग गेटातून माणसांचा लोंढा बाहेर पडायचा. केसांत, मिशांत, कानाच्या पाळीवर कापूस. रस्त्याच्या पलीकडे गुत्ता, अलीकडे ही. तिच्या क्लासचा माणूस दिसला की ती हाक मारायची नाही, नुसती दोन पावलं पुढे यायची. माणूस पाकीट काढायचा. मंडळीचे चार-आठ आणे आधी. मग ती विचारायची, "घरी किती नेणार?" तो सांगायचा. ती म्हणायची, "चल, मी पण तिकडंच निघालेय." आणि त्याच्याबरोबर चाळीपर्यंत चालत जायची. एकाला पोचवून पुन्हा गेटवर. काही जण मागच्या फाटकाने सटकायचे. पुढच्या रविवारी ते मान खाली घालून बसायचे आणि ती त्यांच्या बायकोच्या शेजारी जाऊन बसायची, एक शब्द न बोलता.

कुणी किती दिलं हे वहीत उतरवायला ती शाळेतल्या पोरांना बसवायची. मीही ते काम केलंय, त्या शाईच्या अर्ध्या बाटलीने. ती नाव आणि रक्कम सांगायची, मी लिहायची. मध्येच ती म्हणायची, "याच्यापुढं काही लिहू नको, जागा सोड. पोरगं आजारी आहे." तिच्या त्या वहीत अशा सोडलेल्या जागा खूप होत्या. महिन्याच्या शेवटी हिशेब द्यायच्या वेळी तिने सोडलेल्या जागा भरलेल्या असायच्या. पैसे कुठून यायचे हे मला पुष्कळ वर्षांनी आईने सांगितलं. ती पहाटे दोन घरची भांडी घासायची.

मोठेपणी मी वेस्लीच्या काळाबद्दल वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. इंग्लंडात ब्रिस्टलच्या प्रार्थनागृहावर कर्ज होतं. १७४२ साली बैठकीत एका कप्तानाने सुचवलं, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. दुसरा म्हणाला, गरिबांना तेवढंही जमायचं नाही. त्यावर तो कप्तान म्हणाला, सगळ्यांत गरीब असे अकरा जण माझ्याकडे द्या, मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, ज्याला जमणार नाही त्याचं मी भरीन. मग असं घरोघर जाता जाता कोण आजारी आहे, कोण दारूत बुडालंय, कोणाच्या घरी चूल नाही हे कळायला लागलं, आणि त्यातून मेथडिस्टांची क्लासची पद्धत जन्मली. आमच्या क्लासच्या आजीला ब्रिस्टल माहीत नव्हतं. तिला ती वही वाचतासुद्धा येत नव्हती. एकतीस डिसेंबरची वॉचनाइट, म्हणजे रात्र जागवून केलेली प्रार्थना, तीही तशीच. किंग्जवुडच्या कोळशाच्या खाणीतले मजूर पूर्वी शनिवारची रात्र गुत्त्यात काढायचे, ते रात्रभर प्रार्थनेला बसू लागले, तिथून ती सुरू झाली. आमच्याकडे एकतीसच्या रात्री गिरणीतले बाप्ये घोंगडी पांघरून बाकांवर बसलेले असायचे, बारा वाजता घंटा व्हायची, आणि सहाच्या पाळीला त्यांतले निम्मे तिथूनच जायचे. विल्यम टेलरला हवी होती तशी, आपल्या कमाईवर उभी असलेली मंडळी या गावात होती. ती चार-आठ आण्यांवर उभी होती, आणि ते आणे गुत्त्याच्या आधी पकडायला एक बाई उन्हात उभी होती.

पाटीवर वीतभर जागा होती.

बहात्तरच्या दुष्काळाबद्दल थोडंच सांगते. दरवर्षी हंगामाच्या सणाला लोक ज्वारीची कणसं, लिंबं, अंडी, कोंबडी, शेंगा आणून पुढे ठेवत, उपासनेनंतर अंगणात लिलाव व्हायचा. एकेक अंडं परत परत विकलं जायचं, घेणारा ते पुन्हा देवाला देऊन टाकायचा आणि बोली नव्याने सुरू व्हायची. त्या साली पुढे ठेवायला कुणाकडे काही नव्हतं. रेशनवरचा तांबडा मायलो, परदेशातून आलेली ज्वारी, तेवढा होता. बायकांनी तोच मुठी-मुठीने आणून घातला. रोज स्वयंपाकाआधी एक मूठ धान्य बाजूला काढायची आमच्याकडे रीत, त्या मुठी खडी फोडून आलेल्या हातांच्या होत्या. लिलाव झाला नाही. ते धान्य त्याच संध्याकाळी क्लासप्रमाणे वाटलं.

रजिस्टरकडे परत येते, कारण त्यातला अवघड भाग अजून सांगितलेला नाही. काही घराणी पानोपानी दिसतात आणि एकदम थांबतात. मुलं जन्माला येत असणार, पण नोंद नाही. त्यातली काही घरं गाव सोडून गेली. काहींची गोष्ट वेगळी आहे आणि ती चर्चमध्ये मोठ्याने कुणी बोलत नाही. आमची बहुतेक सगळी मंडळी महार, मातंग, मादिग घरांतून आलेली. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठरल्या, १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आजही बाहेर. वस्ती तीच, विहिरीवरचा अनुभव तोच, गिरणीत मिळणारं खातंसुद्धा जातीवरून ठरणारं, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो म्हणून विणकाम खात्यात आपली माणसं घेत नाहीत हे आजोबांनी भोगलेलं. पण कागदावर ख्रिस्ती लिहिलं की स्कॉलरशिप गेली, नोकरीची जागा गेली. मग कुणी पोराचा बाप्तिस्मा लांबवला. कुणी शाळेत एक नाव घातलं, घरी दुसरं ठेवलं. छपन्न साली बाबासाहेबांच्या मागे आमच्या नात्यातली काही घरं बौद्ध झाली, आणि ती ताठ मानेने गेली. माझी एक चुलत आत्या त्यांतली. मरेपर्यंत नाताळच्या दिवशी ती आमच्याकडे जेवायला यायची आणि चौदा एप्रिलला आम्ही तिच्याकडे. अशा घरांना 'विश्वास सोडलेले' म्हणणारी माणसं मला भेटली आहेत. मला तो शब्द सहन होत नाही. ज्याच्या पोराची फी भरायची सोय तुम्ही केली नाही, त्याच्या विश्वासाचं मोजमाप तुम्ही कशाने घेणार? तरीही, पान उलटताना एखादं ओळखीचं आडनाव मध्येच थांबतं तेव्हा मला वाईट वाटतं. ही दोन्ही माझ्याच मनात आहेत आणि त्यांचं एकमेकांशी जमत नाही.

सत्तर सालीही असंच काही तुटलं होतं. त्या नोव्हेंबरात नागपूरला निरनिराळे पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. आमचे लोक त्यात जाणार हे जवळजवळ ठरलेलं होतं आणि ऐन वेळी आमच्या चर्चने पाय मागे घेतला. पुढे १९८१ मध्ये मेथडिस्ट चर्च इन इंडिया म्हणून ते स्वतंत्र झालं. वडील सांगायचे, दोन्हीकडची माणसं एकाच चाळीत एकाच नळावर पाणी भरत होती, त्यांना कुणी विचारलं नाही. गावात सोयरीक मात्र कधी थांबली नाही. माझी आई तिकडची, वडील इकडचे.

नव्वदच्या दशकापासून धंद्याचा रकाना पार बदलतो. जुनी मिल तर स्वातंत्र्यानंतर लगेचच डळमळलेली. १९४९ मध्ये ती बंद पडली, सरकारने ताब्यात घेतली आणि त्यावरून १९५०चा सुप्रीम कोर्टातला खटला देशभर गाजला. मग एकेक करून बाकीच्या थंड झाल्या. माझ्या वडिलांना मिल बंद झाल्याचं भोंग्याने कळलं, म्हणजे तो झाला नाही त्यावरून. ते नेहमीच्या वेळी उठले, डबा घेतला, गेटपर्यंत गेले. हिशेबाचे पैसे मिळायला पुढे वर्षं गेली, आणि मिळाले तेही तुटपुंजे. रजिस्टरात 'मिल हँड' संपतं. रिक्षा. वॉचमन. खाजगी नोकरी. हातगाडी. एका पानावर सलग 'बेकार' असं लिहिलंय, मराठीत, पाळकाच्या सुंदर वळणदार अक्षरात. त्याच वेळी नर्स हा शब्द वाढत जातो, पण तो छापील रकान्याच्या बाहेर, समासात, कारण नोकरी आईची आहे आणि तिच्यासाठी रकाना नाही. कुठल्या तरी पाळकाला ती समासात लिहावीशी वाटली. त्या माणसाचं नाव पाटीवर आहे, आणि त्याच्यासाठी तरी ती पाटी हवीच.

त्यानंतर बदलतो तो 'राहणार कुठे'चा रकाना. हडपसर. पिंपरी. चिंचवड. भोसरी. बाप्तिस्मे आता फक्त नाताळच्या आठवड्यात आणि मे महिन्यात. हुतात्मा एक्स्प्रेसने मुलं येतात, आजी-आजोबांच्या चर्चमध्ये बाळाच्या डोक्यावर पाणी घेतात, फोटो काढतात आणि परततात. एरवीच्या रविवारी बाकांवर आम्ही पिकलेल्या केसांचे. एम.वाय.एफ.च्या, म्हणजे तरुणांच्या संघाच्या, मीटिंगला एके काळी बसायला जागा नसायची, आता गिटार वाजवणारा मुलगा आला नाही तर मीटिंग होत नाही. डब्ल्यू.एस.सी.एस. या महिला मंडळाच्या बायका मात्र अजून दर आठवड्याला घरोघर जातात. क्लास हा शब्द गेला, पायपीट तीच आहे.

स्मरणिकेसाठी मंडळीचा इतिहास लिहायचं काम कमिटीने माझ्याकडे दिलंय. मी सांगितलं, मी तो धंद्याच्या रकान्यावरून लिहिणार. आधी रेल्वेवाली घरं, मग गिरणीवाली, मग नगरपालिकेची आणि दवाखान्याची, मग पुण्याची. घराण्यांची नावं ज्यांची परवानगी असेल त्यांची. एक ज्येष्ठ सभासद चिडले. म्हणाले, "आमची नातवंडं आता इंजिनिअर आहेत, बाई. पणजोबा झाडूवाला होता हे छापून काय मिळणार?" त्यांचा राग मला कळतो. ज्या कामाने आयुष्यभर मान खाली घालायला लावली ते पुन्हा छापलेलं बघायचं नाही, यात चुकीचं काय आहे? मी त्यांना एवढंच म्हटलं, तुमच्या घराची ओळ तुम्ही सांगाल तशी लिहीन. ते अजून बोललेले नाहीत. त्यांची बायको मात्र दुसऱ्या दिवशी पिशवीत सासऱ्याचा पितळी बिल्ला घेऊन आली, नंबर असलेला. "काय लिव्हायलालीस ते दाखव की," म्हणाली, आणि शेजारी बसून मला सगळं सांगत राहिली.

बिल्ल्याचा फोटो मी काढून ठेवलाय. क्लासच्या आजीची वही मात्र सापडलेली नाही. ती गेली तेव्हा तिची ट्रंक तिच्या क्लासमधल्याच कुणाच्या तरी घरी गेली होती, ते घर नंतर भोसरीला गेलं असं म्हणतात. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या माळ्यावर निळ्या पुठ्ठ्याची, वेगवेगळ्या पोरांच्या अक्षरातली हिशेबाची वही असेल, किंवा गिरणीची पगाराची चिठ्ठी, बायबलबाईचा एखादा फोटो, रेल्वेचा पास, तर नाताळला याल तेव्हा सोबत आणा. रविवारी उपासना सुटली की अकरा ते एक मी वेस्ट्रीत, चर्चला लागून असलेल्या खोलीत, त्या कपाटापाशीच असते. वस्तू ठेवून घेत नाही, उतरवून लगेच परत देते.